तिसरी नळी

सोमवार, ४ मार्च

बॅटरीच्या कंपनीने वाटलेली ही डायरी दोन महिने फळीवर धूळ खात पडली होती. आज बायको म्हणाली, "हल्ली तुम्ही कुणाचं ऐकतच नाही, निदान लिहीत तरी जा." तिला वाटलं तिने टोमणा मारला. मी मनावर घेतलं.

तर मी हॉर्नवाला. एकतीस वर्षं याच चौकात दुकान. हॉर्न, बॅटरी, वायरिंग. लोकांना वाटतं हॉर्न म्हणजे गोंगाट, पण हॉर्न बोलतो. दोनदा हलकं दाबलं की "काय, कसं काय?" एकदाच लांब दाबलं की "सरक." हात उचललाच नाही, तर ती शिवी, तीही आईबहिणीवरची. साहेबांच्या गाडीचा भोंगा म्हणजे तुम्ही सगळे कचरा आहात असं कायद्याने सांगणं. मी प्रत्येक हॉर्नचा स्क्रू कानाने लावतो, मीटर वापरत नाही. माझ्या हातून गेलेली गाडी मी डोळे मिटून ओळखतो आणि हे अख्ख्या चौकाला ठाऊक आहे.

आज सिग्नल हिरवा झाला न झाला तोच मागच्या गाडीवाल्याने दाबला. पुढचा स्कूटरवाला उतरला, शांतपणे हेल्मेट काढलं आणि खिडकीतून त्याच्या तोंडावर तीनदा हाणलं. दोन दात बाहेर आले, त्यातला एक डांबरावर पडला. मी शटरपाशी उभा होतो. हॉर्न मीच लावलेला, गेल्या आठवड्यात. खणखणीत लागला होता, हे कबूल करावंच लागेल.

दुपारी मुका चहाला आला. मुका म्हणजे पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. दिवसाला दहा शब्द बोलतो म्हणून मुका. त्याच्या टँकरला मी दोन नळ्यांचा प्रेशर हॉर्न लावलाय. त्याच खोक्यातला दुसरा जोड माझ्या मेहुण्याच्या पिकअपला दिला. पण मेहुण्याचं दोनात भागेना. त्याने हट्टाने वर तिसरी, बोटाएवढी बारीक नळी बसवून घेतली. म्हणाला, लोकांच्या कानात सुई गेली पाहिजे. मुका मात्र हॉर्न वाजवतो फक्त माझ्या दुकानासमोरून जाताना, दोनदा, हलकं.

घरी गेलो तर भांडण. मी म्हणे कुकरशेजारी बसून पेपर वाचत होतो आणि तीन शिट्ट्यांनी गॅस बंद करायचा होता. मी म्हटलं शिट्टी झालीच नाही. ती म्हणते सात झाल्या. रबर गेलं असणार कुकरचं.


गुरुवार, ७ मार्च

चित्रकलेच्या मास्तरांना मारून टाकलं.

सकाळी सव्वासातला मास्तर सायकलवरून शाळेला निघाले होते. रस्त्याच्या एका अंगाला गटाराचं खोदकाम चालू आहे, दुसऱ्या अंगाला शाळेची भिंत. मागून गाडी आली आणि हॉर्न देत राहिली. मास्तर सरकणार कुठे? त्यांनी हात वर केला असेल, जरा थांब अशा अर्थाने. जखमांवरून पोलीस म्हणतात, गाडीवाला उतरला आणि चाक खोलायची लोखंडी टॉमी त्याने डोक्यात घातली. ते खाली पडल्यावरही तो मारत राहिला. सहा वार. दुकानं बंद होती. तिसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई गॅलरीत आली तोपर्यंत गाडी वळून गेली होती.

नऊला मीही जाऊन आलो. बघू नये असं वाटत असतानाही माणूस बघतोच. डांबराच्या खळग्यात रक्त साचलं होतं आणि शिपाई त्यावर वाळू टाकत होता. सायकलच्या कॅरिअरवरचे मुलांचे कागद सगळीकडे उडाले होते. प्रत्येक कागदावर एकच खुर्ची, वेगवेगळ्या बाजूने काढलेली. एक कागद रक्ताला चिकटला होता. शिपायाने तो काठीने सोडवला, तर खुर्चीचे मागचे दोन पाय खालीच राहिले.

बारा वाजता मेहुणा आला. पिकअप सकाळी सकाळी धुतलेली, चाकांच्या आतूनसुद्धा. उजव्या हाताला फडकं बांधलेलं. विचारलं तर म्हणाला, मागचं फळकं उघडताना चिमटला. त्याला ती बारीक नळी काढून हवी होती. बायकोचं डोकं दुखतं म्हणे. मी त्याला चांगला छेडला, की महिन्याभरात सुई बोथट झाली का, आणि एवढा मोठा माणूस बायकोला घाबरतो का. हसला नाही. मास्तरांच्या बातमीने सगळ्यांचीच तोंडं उतरली आहेत.

नळी काढली, भोक बुजवलं, नळी खणात टाकली. म्हटलं, "आता तू आणि मुका सख्खे भाऊ. एकाच खोक्यातला जोड, एकच आवाज."

"अगदी एकच?"

"मी लावलाय. केसाचाही फरक नाही."

त्याने पुन्हा एकदा विचारलं आणि मीही खुशीत पुन्हा समजावून सांगितलं. कामात रस घेणारी माणसं कमी झालीत.


शुक्रवार, ८ मार्च

पेपरात पहिल्या पानावर: हॉर्नवरून खून. आत चौकोनात कोणा डॉक्टरचा लेख, हॉर्नमुळे रक्तदाब वाढतो. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर ओरडत होती की लोक फार ओरडतात. नगरपालिकेने येत्या बुधवारी हॉर्नमुक्त दिवस जाहीर केला. तो जाहीर करायला साहेब भोंगा वाजवत आले.

मेहुण्याने मात्र कमाल केली. रिक्षावर दोन कर्णे बांधून तो सकाळपासून वस्तीत फिरतोय. मास्तरांना न्याय मिळालाच पाहिजे, खुनी गाडी शोधलीच पाहिजे. त्याचा आवाज बसला आहे. बायकोला म्हटलं, तुझा धाकटा शेवटी माणसात आला. ती काहीतरी बोलली. तोंडातल्या तोंडात बोलायची तिला सवयच लागली आहे.


रविवार, १० मार्च

आज मी पोलिसांना खुनी शोधून दिला.

शिवणकाम करणारी बाई त्या वेळी बहिणीला फोनवर निरोप रेकॉर्ड करत होती. चित्र नाही, पण मागे हॉर्न आणि मारहाण, सगळं त्यात आलं आहे. मेहुणाच सकाळी येऊन म्हणाला, "भाऊजी, तुमच्या कानाला या शहरात तोड नाही. तुम्ही नाही ओळखणार तर कोण?" स्वतःच्या गाडीतून पोलीस चौकीत घेऊन गेला.

साहेबांनी टेबलावर फोन ठेवून ऐकवलं. बाई बहिणीला पडद्याचं माप सांगते आहे आणि मागून हॉर्न. लांब, मग पुन्हा लांब. मग टॉमीचा आवाज, जो मला अजून ऐकू येतो आहे. मी डोळे मिटले. दोन नळ्या, एक जाड, एक मध्यम. माझा स्वतःचा स्क्रू. असा जोड मी दोनच गाड्यांना दिला होता.

साहेब म्हणाले, सांगा. मी सांगितलं की एक गाडी या माझ्या मेहुण्याची, पण तिला गुरुवारी सकाळपर्यंत तीन नळ्या होत्या. मीच बसवलेली, मीच दुपारी काढली. इथे दोनच वाजतात. म्हणजे उरला टँकर. आणि टँकर रोज सात ते आठ त्याच रस्त्याला असतो.

दाराशी उभा असलेला हवालदार मध्येच म्हणाला, "साहेब, वर एक बारीक शिट्टीपण वाटते."

मला तिडीक आली. एकतीस वर्षं मी हे काम करतो आणि हा काल भरती झालेला मला शिकवणार. मी म्हटलं, ती फोनची किरकिर आहे, स्वस्तातला फोन घेतला की अशी किरकिर येते. साहेबांनी त्याला चहा आणायला पाठवलं. मेहुणा खिडकीतून बाहेर बघत होता.

बाहेर टीव्हीवाली पोरगी माइक घेऊन उभीच होती. साहेबांनी सांगितलं होतं की बोलू नका. पण तिने मला "आवाजाचे डॉक्टर" म्हटलं. मी बोललो. टँकर म्हणालो, मुक्याचं नाव घेतलं नाही, पण या वस्तीत टँकर एकच येतो.

मुक्याबद्दल वाईट वाटतं. इतकी वर्षं चहा पाजला. न बोलणारी माणसं आत काय साठवतात कुणास ठाऊक. बायको रात्री जेवली नाही. मी टीव्हीवर दिसलो तेही तिने पाहिलं नाही.


सोमवार, ११ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

पोलीस त्याला दुपारी उचलणार होते. पण दहा वाजताच तो नेहमीसारखा टँकर घेऊन चौकात आला. त्याच्या घरी टीव्ही नाही. त्याने नळी सोडली, बायकांच्या बादल्या भरायला उभा राहिला. एकही बाई पुढे येईना तेव्हा तो बावचळून इकडेतिकडे बघायला लागला. एवढ्यात मेहुण्याची रिक्षा आली आणि कर्ण्यातून आवाज आला, मास्तरांचा खुनी चौकात उभा आहे, बघताय काय.

कुठून आली एवढी माणसं मला कळलं नाही. पन्नास असतील, मग शंभर. त्याला टँकरच्या मागच्या शिडीवरून ओढलं. पाण्याच्या नळीच्या टोकाला पितळी कडं असतं, मुठीएवढं. त्याच नळीने मारलं. एकाने गुडघ्यावर उडी मारली. आवाज आला. शेजारचा पंक्चरवाला, जो कधी कोंबडीला दगड मारणार नाही, तो पाठीत लाथा घालत होता आणि रडत होता. मास्तरांनी त्याच्या पोरीला शिकवलं होतं.

मुक्याने मला पाहिलं. तोंडात रक्त होतं, एक डोळा मिटलेला. दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघून त्याने कानाला हात लावला. दोनदा. मी समजलो, माफी मागतो आहे. मान फिरवली.

मग कोणीतरी केबिनला पेटवलं. मागे दहा हजार लिटर पाणी आणि पुढे केबिन जळत होती, आणि कुणाला त्या पाण्याची आठवण झाली नाही. मलाही नाही. वायरिंग वितळलं आणि हॉर्न चिकटला. कुठली वायर कुठे टेकली असेल ते मला उभ्या उभ्या कळत होतं. तो वाजतच राहिला. तीन-चार मिनिटं, कुणी न दाबता, अख्ख्या चौकावर. लोक मारता मारता थांबले. मग नळ्या वाकल्या आणि तो घोगरा होत होत बंद पडला. पोलीस त्यानंतर आले.

मला न्याय झाला असं वाटायला हवं होतं.


शुक्रवार, १५ मार्च

मुका आज पहाटे हॉस्पिटलात वारला. चार दिवसांत एक शब्द बोलला नाही म्हणतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी: हॉर्न खून प्रकरणातील आरोपीचा मृत्यू.

दुकान उघडलं होतं. अकरा वाजता त्याची बायको आली. तिला मी दोनदाच पाहिलं होतं. काउंटरवर फोन ठेवला. ते रेकॉर्डिंग आता सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. तिचा आवाज इतका हळू की मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा ती जोराने म्हणाली, "दादा, माझी मुलगी म्हणते यात तीन आवाज आहेत. आमच्या गाडीला दोनच. पुन्हा ऐका."

मी ऐकलं. दोन. कानाला लावून ऐकलं. दोन. मी म्हटलं, बाई, मुलीला वाटणारच, बाप गेलाय तिचा. ती रडली नाही. म्हणाली, "तुम्हीच लावलेला हॉर्न, दादा. तुम्हाला त्याने रोज नमस्कार केला त्याच हॉर्नने." आणि गेली.

फोन घरी नेला. बायकोला म्हटलं, ऐक, किती नळ्या? तिने ऐकलं आणि हात पुसता पुसता थांबली. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही. मी पुन्हा विचारलं, किती?

"तीन," ती म्हणाली. हे मला स्वच्छ ऐकू आलं, कारण ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

म्हणजे ती पण. आता हिलाही मीच शिकवायचं का हॉर्न काय असतो ते.


सोमवार, १८ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बायकोच्या नाही, स्वतःच्या मनाने. मुळात सगळ्यांचं तोंड बंद करायला गेलो.

कापूस भरल्यासारख्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे पोरगी बसलेली. सुरुवातीला दणादण दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. पोरीचा हात मात्र हलत होता. तेव्हा तिच्या हाताकडे बघून बटण दाबायला लागलो. खोटं कशाला लिहू, दाबलं. तिच्या लक्षात आलं. तिने हात टेबलाखाली घेतला.

कागदावर रेघ निघाली. डावीकडून सरळ चालते आणि मग खाली कोसळते. डॉक्टर म्हणाले, हॉर्नच्या धंद्यात सगळ्यांचं होतं, बारीक आवाज आधी जातात, पाच-सहा वर्षं झाली असतील. त्यांनी विचारलं, घरात कुकरची शिट्टी ऐकू येते का? मी उठून आलो.

दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं. खणातून मेहुण्याची नळी काढली, हवेच्या पंपाला जोडली, खटका दाबला. हवा सुटल्याची फुसफुस बोटांना लागली. आवाज शून्य. नळी बिघडली असं वाटलं, खरंच एक क्षण तसं वाटलं. मग शटरखालून दिसलं की रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं आणि चहावाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवलेत. तो माझ्याकडे बघून शिव्या देत होता. मी पुन्हा दाबलं. पलीकडची बाई दचकली. मी दाबत राहिलो आणि चौकातली सगळी डोकी एकेक करून माझ्याकडे वळत गेली, आणि माझ्यासाठी सगळं गप्प होतं.

गुरुवारी धुतलेली गाडी, हाताचं फडकं, "अगदी एकच?" हे सगळं मीच या डायरीत माझ्या अक्षरात लिहिलं आहे. मागे जाऊन वाचलं. नळी बसवून वाजवून पाहिली तेव्हाच मला ती ऐकू येत नाही हे त्याने ओळखलं असणार, म्हणून तर तोच मला चौकीत घेऊन गेला. जो कोणी वाचेल तो मला विचारेल, तू आंधळा होतास का.

मुका माफी मागत नव्हता. तो मला विचारत होता, तू तर ऐकलं आहेस.


मंगळवार, १९ मार्च

चौकीत गेलो. साहेबांपुढे डॉक्टरांचा कागद ठेवला, नळी ठेवली, मेहुण्याचं नाव घेतलं. साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला. म्हणाले, आरोपी मेला, फाइल बंद होत आली, आता तुम्ही म्हणता कान खराब. उद्या म्हणाल डोळे खराब. पुढच्या आठवड्यात या. तो दाराशी असलेला हवालदार माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

घरी बायकोपुढे बसलो. सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, मला शुक्रवारीच कळलं. महिनाभर तो आला की दारात तोच हॉर्न वाजायचा, तिसरी नळी त्याचीच. चार दिवस तिने ते पोटात ठेवलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तो माझा भाऊ आहे, मला चार दिवस लागले.

मग माझ्यासमोर बसून, तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत बोलली. "सगळं लिहून काढा. मोठ्या साहेबांना जाऊन द्या. त्यांनी नाही ऐकलं तर कोर्टात. माझा भाऊ असला तरी खाली मी सही करते, मी आवाज ओळखला म्हणून. तो तुरुंगात गेला तर जाऊ दे. पण चौकात बोलू नका. मुक्याचं नाव तुम्ही चौकातच घेतलं होतं."

मी हो म्हटलं. रात्रीपर्यंत चार पानं लिहून काढली. तिने सही केली, तारीख घातली. शुक्रवारी मोठे साहेब भेटतात.


शनिवार, २३ मार्च

डोक्याला पट्टी, दोन्ही कान कापसाने बंद. लिहिण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी चौकात मास्तरांची शोकसभा होती. बांबूवर चार कर्णे, चार दिशांना तोंडं करून. मी जाणार नव्हतो. मेहुण्याची माणसं दुकानात आली आणि घेऊनच गेली. स्टेजवर खुर्ची दिली. मेहुणा बोलायला उभा राहिला. ज्यांच्या कानामुळे आपल्याला खुनी सापडला ते माझे भाऊजी, असं म्हणून त्याने माझ्याकडे हात केला. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत मास्तरांची आई बसली होती. तिनेही टाळी वाजवली.

चार पानं खिशात होती. एक रात्र काढायची होती, बस. पण त्या म्हातारीचे हात बघून माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. आज शांतपणे विचार केला तर तेवढंच नव्हतं. मला एवढ्या लोकांसमोर उभं राहून मोकळं व्हायचं होतं. मी मोठ्या मनाचा आहे असं त्यांनी म्हणावं असंही वाटत होतं. हे बायकोला सांगणार नाही, पण इथे लिहितो.

माइक घेतला. म्हटलं, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. डॉक्टरचा कागद आहे. मी चुकीचा माणूस सांगितला. मुक्याने काही केलं नव्हतं."

मग मागून कोणी तरी विचारलं, "मग कोणी केलं?"

तिथे थांबायला हवं होतं. मी मेहुण्याकडे बोट केलं. "याने. नळी मीच काढली."

तो "भाऊजी" एवढंच म्हणाला. पहिल्यांदा स्टेजवर चढला तो पंक्चरवाला. त्याचे तेच पाय. मग सगळेच. मुक्याला मारलेल्यांना आता मुक्यासाठी मारायचं होतं, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त जोरात, कारण पहिल्या वेळेचंही त्यात फेडायचं होतं. खुर्च्या मोडल्या, खुर्च्यांचे पाय घेतले. कोणीतरी बांबू उपटून त्यावरचा कर्णा त्याच्या तोंडावर आपटला, पत्र्याची कड लागून गाल फाटला, आतले दात दिसले. मी माइकमध्ये थांबा थांबा म्हणत होतो. मधे घुसलो तेव्हा कुणीतरी माझ्या दोन्ही कानांवर एकदम हाणलं आणि त्यानंतर मला काहीही ऐकू आलं नाही. तोंडं उघडत होती, काठ्या पडत होत्या, सगळं आवाजाशिवाय. माइक खाली पडला होता आणि त्याचा दिवा चालू होता.

म्हणजे उरलेल्या तीन कर्ण्यांतून ते सगळं वस्तीभर गेलं. घर चौकापासून दोन गल्ल्या आत आहे. बायको त्या वेळी गॅलरीत कपडे काढत होती. हे शेजारणीने मला कागदावर लिहून सांगितलं.

मेहुणा मुक्याच्याच वॉर्डात आहे. बायको गुरुवारपासून तिथेच बसून आहे. मी शुक्रवारी मोठ्या साहेबांकडे गेलो नाही. जाऊन काय देणार होतो, चार पानं खिशात रक्ताने चिकटली आहेत. डॉक्टर म्हणतात, पडदे फाटलेत, थोडंफार परत येईल, फार नाही. तेही लिहूनच सांगितलं.

ती घरी आली की तिला काय म्हणायचं याचा दिवसभर विचार करतो आहे. जे म्हणेन ते तिलाच ऐकू येईल, मला नाही.


रविवार, २४ मार्च

हे अक्षर माझं आहे. तुमची डायरी मी कधी उघडली नव्हती, पण सांगायला दुसरी जागा नाही.

धाकटा दुपारी साडेतीनला गेला. शेवटी शुद्धीवर होता. त्याने हवालदाराला सगळं सांगितलं, टॉमी कुठे टाकली तेही. हवालदाराने लिहून घेतलं, मी खाली सही केली. तुम्ही शुक्रवारपर्यंत थांबला असता तर हेच त्याने कोर्टात सांगितलं असतं आणि आज तो तुरुंगात असता. मी दर महिन्याला डबा घेऊन गेले असते.

घरी येऊन तुम्हाला दारातून तीन हाका मारल्या. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. मग मी जवळ आले नाही.

उद्या सकाळी आठला त्याला नेतील. या असं मी म्हणणार नाही, आणि येऊ नका असंही नाही. आलात तर कुणाशी काही बोलू नका.